दिव्याने थकवा जातो काय?



वऱ्हाडातल्या माणसापुढे वैशाखाच्या महिन्यात उभे राहून प्रकाशाचे गुण सांगायचे, हे मोठ्या धाडसाचे काम आहे. दिवसभर ज्या उन्हाला भिऊन आपण दारेखिडक्या लावून, कूलरसमोर अंग चोरून बसलो होतो, ते नुकते कुठे उतरले आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला, तर आपल्याला त्याचे नवल वाटत नाही. अशा मुलखात कोणी म्हणू लागला की प्रकाश अंगावर घ्या म्हणजे थकवा जाईल, तर आपण त्याला हात जोडून म्हणू, "महाराज, प्रकाश पुष्कळ झाला, आता थोडी सावली द्या." ह्या उत्तरात विनोदापेक्षा शहाणपणच अधिक आहे असे आम्हांस वाटते, आणि व्याख्यानाच्या शेवटी आम्ही बहुधा तिथेच येऊन पोचणार आहोत. परंतु वाटेत पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. गेल्या काही वर्षांत तांबड्या प्रकाशाचे पट्टे, फळ्या आणि हातात धरायचे दिवे बाजारात आले आहेत. ते स्नायूंवर धरले म्हणजे थकवा लवकर जातो, दुखणे थांबते आणि दुसऱ्या दिवशी अधिक व्यायाम करता येतो, असे सांगितले जाते. आम्ही आयुष्यभर विद्यार्थ्यांना शरीराचे व्यापार शिकवले. त्यामुळे भेटणारा तरुण विचारतो, "सर, हे खरे काय? घ्यावे काय?" ह्या साध्या प्रश्नाला आम्ही एकदा फार घाईने उत्तर दिले आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली. ती हकीकत पुढे येईल. आज ते उत्तर सावकाश, आपल्या साक्षीने, पुन्हा द्यायचे आहे.

प्रथम थकवा म्हणजे काय ते पाहू. आपल्या भाषेने ह्या बाबतीत मोठी बारकाई दाखविली आहे. जिना भरभर चढला की माणूस दमतो. ते छातीच्या भात्याचे आणि हृदयाचे काम. दहा कोस चालून आला की तो भागतो. ते पायांच्या स्नायूंचे काम. दिवसभर हिशेब तपासून उठला की तो शिणतो. खुर्चीवरून न हलताही शीण येतो. आणि पुष्कळ दिवसांनी कुदळ हाती धरली तर त्या दिवशी काही वाटत नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याचे अंग आंबते. दमणे, भागणे, शिणणे आणि आंबणे हे चार वेगवेगळे व्यापार आहेत. दिवा विकणारा मात्र चौघांना एकच नाव देतो आणि चौघांवर एकच औषध सांगतो. आपण तसे करू नये.

ह्या चार गोष्टींचा शास्त्रीय शोध साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी नीट सुरू झाला. इटलीतील तुरीन शहरी आंजेलो मोस्सो नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी एक सुटसुटीत यंत्र केले. हात पट्ट्यांनी घट्ट बांधायचा, एका बोटाला दोरी लावून तिच्या टोकाला वजन अडकवायचे आणि ठरावीक ठेक्यावर ते बोट वाकवीत राहायचे. प्रत्येक वेळी वजन किती वर उचलले गेले याची रेघ कागदावर उमटे. प्रथम उंच, मग उतरती आणि शेवटी नाहीशी होणारी अशी ती रेघांची ओळ म्हणजे थकव्याचे चित्रच होते. मोस्सोंचा थकव्यावरील ग्रंथ १८९१ साली प्रसिद्ध झाला. त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. त्यांचे एक सहकारी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आले, की त्यांच्या बोटाची शक्ती एकदम कमी झालेली आढळे. परीक्षा घेताना बोटाला काय श्रम पडतात? पण मन शिणले की स्नायूही कच खातो, हे त्या रेघांनी दाखविले. थकव्याचे सगळे घर स्नायूत नाही, त्याची एक खोली मेंदूत आहे, ही गोष्ट पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

पुढे १९२२ सालचे नोबेल पारितोषिक स्नायूंच्या अभ्यासासाठी आर्चिबाल्ड हिल आणि ऑटो मायरहोफ या दोघांना मिळाले. स्नायू झपाट्याने काम करतो तेव्हा त्यात दुग्धाम्ल तयार होते, हे त्या काळच्या संशोधनाने ठळकपणे पुढे आणले. तेव्हापासून 'दुग्धाम्ल साठले म्हणून अंग दुखते' हे वाक्य प्रत्येक व्यायामशाळेत ऐकू येते. आपल्याकडे तर अंग 'आंबते' असे पूर्वीपासून म्हणतात, तेव्हा आम्लाची ही उपपत्ती आपल्याला फारच पटली! परंतु ती टिकली नाही. धावून झाल्यावर ते दुग्धाम्ल तासाभरात रक्तातून बहुतेक नाहीसे होते. इतकेच नव्हे, तर हृदय आणि इतर स्नायू त्याचा सरपणासारखा उपयोग करतात. अंग मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखते. चोर तासाभरात गाव सोडून गेला आणि चोरी झाली दुसऱ्या दिवशी, असे कसे म्हणावे? ह्या उशिरा येणाऱ्या दुखण्याचे कारण स्नायूतील सूक्ष्म फाटाफूट असावे, असे थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच सुचविले होते. आज तेच मत, थोड्याफार सुधारणेने, ग्राह्य धरले जाते. अशी इजा विशेषतः भार सावरीत खाली आणताना होते. म्हणूनच टेकडी चढताना दम लागतो, पण मांड्या दुखतात त्या उतरण्यामुळे.

आणि प्रत्यक्ष काम चालू असताना स्नायू का थकतो? स्नायूची रोकड म्हणजे एटीपी नावाचे एक द्रव्य. ही रोकड खिशात फार थोडी असते, जोराच्या कामाला काही सेकंद पुरेल इतकीच. म्हणून ती क्षणाक्षणाला नव्याने मिळवावी लागते. ही टाकसाळ पेशीतील तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भागांत असते आणि तिथे प्राणवायू लागतो. काम फार झाले म्हणजे स्नायूत फॉस्फेट साठते, आकुंचनाला लागणाऱ्या कॅल्शियमची ये-जा मंदावते आणि मेंदूकडून येणारा हुकूमही ढिला पडतो. ह्या सर्वांचा मिळून थकवा होतो.

आता प्रकाशाकडे येऊ. प्रकाशाने रोग बरे होतात काय? होतात, ह्यात शंका नाही. कोडावर बावचीचे बी लावून ऊन घ्यावे, हा उपचार आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक आहे. बावचीत सोरालेन जातीची द्रव्ये असतात. ती कातडीत मुरली आणि वरून सूर्याचे अतिनील किरण पडले म्हणजे त्वचेतील रंगपेशींना चालना मिळते. विसाव्या शतकात त्याच तत्त्वावर डॉक्टरांनी दिव्याची शास्त्रशुद्ध चिकित्सा उभारली. डेन्मार्कमधील नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर विद्युद्दीपाच्या केंद्रित प्रकाशाने उपचार केले. त्याबद्दल त्यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा माणूस स्वतः असाध्य रोगाने खंगत होता आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ४३ व्या वर्षी, तो गेला. तिसरे उदाहरण तर आपल्यापैकी कित्येकांच्या घरातले आहे. नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवतात. ह्याचे मूळ १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड येथील रुग्णालयात आहे. तेथील एक परिचारिका, सिस्टर वॉर्ड, बाळांना उन्हात अंगणात नेत असत. एका बाळाच्या अंगाचा जो भाग उन्हात उघडा राहिला तेवढ्याचाच पिवळेपणा गेला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखविले. १९५८ साली तेथील डॉक्टरांनी यावर शोधनिबंध लिहिला आणि त्यातून पुढे जगभरच्या असंख्य बालकांचा मेंदू वाचला. शोध लावायला दरवेळी प्रयोगशाळाच लागते असे नाही. कोणाचे तरी लक्ष असावे लागते.

परंतु फिन्सेनच्याच चरित्रात एक दुसरे पान आहे, तेही वाचले पाहिजे. देवीच्या रोग्यांना तांबड्या पडद्यांच्या खोलीत ठेवावे म्हणजे व्रण कमी पडतात, असे त्यांनी १८९३ च्या सुमारास सांगितले. काही काळ तशा तांबड्या खोल्या झाल्याही, पण पुढे त्यात तथ्य आढळले नाही. म्हणजे प्रकाशाच्या एका उपचारासाठी ज्यांना जगाने डोक्यावर घेतले, त्यांचाच दुसरा उपचार फोल ठरला. यावरून एवढेच घ्यायचे, की 'प्रकाश गुणकारी आहे' हे वाक्य अर्धवट आहे. कोणता प्रकाश, किती वेळ, कोणत्या रोगावर, हे विचारल्यावाचून ते पुरे होत नाही.

स्नायूंसाठी जो प्रकाश सांगतात तो बावचीचा नव्हे आणि बाळाचा निळाही नव्हे. तो तांबडा, किंवा तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आहे. त्याची कथा १९६७ साली बुडापेस्ट येथे सुरू होते. डॉ. एंद्रे मेस्टर यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस भादरून त्यावर माणिक लेसरचा तांबडा किरण सोडला. हेतू गाठींवर काही परिणाम होतो काय हे पाहण्याचा होता. गाठींचे काही झाले नाही. पण त्यांचा किरण क्षीण होता आणि त्या क्षीण किरणाखाली केस लवकर उगवले! त्यातून मंद प्रकाशाचा पेशींवर परिणाम होतो, ही कल्पना निघाली आणि जखमा, सांधे, स्नायू यांवर प्रयोग सुरू झाले.

हा परिणाम कसा होत असावा? मघा आपण पेशीतल्या टाकसाळीचा उल्लेख केला. त्या टाकसाळीत सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे एक विकर प्राणवायूशी व्यवहार करते. ते तांबडा आणि अवरक्त प्रकाश शोषून घेते. त्यामुळे त्याला चिकटून बसलेले नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि अडलेले काम मोकळे होते, असा एक तर्क आहे. तो सुसंगत आहे. पण अद्याप सर्वमान्य सिद्धांत झालेला नाही.

माणसांवरचे प्रयोग ब्राझील देशात पुष्कळ झाले. २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग नमुन्यादाखल सांगतो. १२ व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळाडू घेतले. त्यांच्या दंडाच्या बेटकुळीवर एका दिवशी खरा तांबडा लेसर धरला आणि दुसऱ्या दिवशी तोच दिवा न पेटवता नुसता धरला. कोणत्या दिवशी खरा आणि कोणत्या दिवशी खोटा, हे खेळाडूला ठाऊक नव्हते आणि मोजणाऱ्यालाही नव्हते. मग दमेपर्यंत वजन उचलायला लावले. खऱ्या प्रकाशाच्या दिवशी उचलण्याची संख्या थोडी अधिक भरली. रक्तातील दुग्धाम्लात मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्यानंतर अनेक प्रयोग झाले. व्यायामाच्या नंतर प्रकाश देण्यापेक्षा आधी दिला तर बरा गुण येतो, असा त्यांतून एक कल दिसतो. काही प्रयोगांत स्नायूंना झालेली इजा कमी दिसली, तर काहींत काहीच फरक आढळला नाही.

ह्या प्रयोगांतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे नीट पाहू. सिद्ध होते ते एवढेच, की योग्य तरंगलांबीचा, योग्य मात्रेचा प्रकाश, नेमक्या स्नायूवर, कामाच्या आधी दिला, तर काही माणसांत थोडा फरक पडू शकतो. जे सिद्ध होत नाही ते पुष्कळ आहे. बहुतेक प्रयोग दहा-वीस-तीस माणसांचे आहेत आणि प्रत्येकाचे यंत्र व मात्रा वेगळी. काही संशोधकांचे यंत्रे करणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध आहेत आणि ते त्यांनीच आपल्या निबंधांत जाहीर केले आहेत. जाहीर केले हे चांगले झाले, पण वाचणाऱ्याने ते विसरू नये. मात्रेची गोष्ट तर औषधासारखीच आहे. कमी पडली तर उपयोग नाही, फार झाली तरी उपयोग नाहीसा होतो किंवा उलटतो. शिवाय प्रकाशाला कातडी आणि चरबी ओलांडून स्नायूपर्यंत जायचे असते. वाटेत त्याचा मोठा भाग विरून जातो. सावळ्या कातडीतील रंगद्रव्य तर त्यातला काही हिस्सा दारातच अडविते. गोऱ्या माणसावर ठरविलेली मात्रा वऱ्हाडातल्या सावळ्या माणसाला तशीच लागू पडेल, असे कोणी धरून चालू नये.

आणखी एक घोटाळा दूर केला पाहिजे. पाठ आखडली की दवाखान्यात तांबड्या दिव्याचा शेक देतात. तो उष्णतेचा उपचार आहे. उष्णतेने रक्त खेळते, स्नायू सैल होतो आणि बरे वाटते. वाळूच्या पुरचुंडीने शेकल्यावरही तसेच बरे वाटते. आपण ज्या प्रकाशाविषयी बोलत आहोत तो जवळजवळ थंड असतो आणि त्याचा दावा उष्णतेचा नाही. बाजारातील पुष्कळ दिव्यांत हे दोन्ही एकत्र असतात आणि शेकाने आलेल्या सुखाचे श्रेय किरणांना दिले जाते.

आता एक शंका आमची आम्हीच काढतो. तांबडा आणि अवरक्त प्रकाश थकवा घालवीत असेल, तर तो जगात सर्वांत अधिक कोणाला मिळतो? भर दुपारी निरभ्र आकाशातून दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट इतकी ऊर्जा उतरते आणि तिचा निम्म्याहून अधिक भाग तांबड्या व अवरक्त प्रकाशाचा असतो. दर्यापूरकडे किंवा अकोटकडे दिवाळीनंतर शेतात जा. सकाळपासून कमरेला ओटी बांधून, पाठ वाकवून कापूस वेचणारी बाई हा प्रकाश दिवसभर फुकट घेत असते. तोंडावर घेते, हातांवर घेते, मानेवर घेते. मग ती संध्याकाळी ताजीतवानी घरी यायला हवी! आपण सर्वांनी तिला घरी येताना पाहिले आहे. ती हात कमरेवर ठेवून सरळ होते, तेव्हा तिच्या तोंडून एक शब्द निघतो, तो सुखाचा नसतो.

कोणी म्हणेल, हा युक्तिवाद बरोबर नाही. प्रयोगात प्रकाश कामाच्या आधी, मोजून, उघड्या स्नायूवर देतात. मान्य आहे. तिची पाठ तर लुगड्याने आणि वरून घातलेल्या सदऱ्याने झाकलेली असते. पण ह्याच कारणासाठी आम्ही हे उदाहरण घेतले. तिचा थकवा दिवसभर वाकण्यातून येतो. तो पाण्याच्या दूरच्या कळशीतून येतो, सकाळच्या अर्ध्या भाकरीतून आणि किलोवर मिळणाऱ्या मजुरीमुळे न घेतलेल्या विसाव्यातून येतो. उन्हाळ्यात जड काम करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटरहून अधिक घाम जाऊ शकतो. ६० किलो वजनाच्या माणसाच्या अंगातले सव्वा लिटर पाणी गेले आणि भरून निघाले नाही, तर त्याची कामाची ताकद कमी होऊ लागते. त्या माणसाला दिवा दाखविणे म्हणजे तहानलेल्याला आरसा दाखविणे होय.

अमरावतीत स्नायूंविषयी बोलायचे आणि हनुमान आखाड्याचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. १९१४ साली वैद्य बंधूंनी लावलेल्या त्या रोपट्याचा श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा वृक्ष झाला. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने आपले देशी खेळ जगाला दाखविले. त्या पिढीजवळ कसला दिवा होता? जुन्या आखाड्याची दिनचर्या आठवा. पहाटे मेहनत, मग तेलाचे मर्दन, अंगाला माती, पोटभर दूध-भाकरी, दुपारी विसावा आणि रात्री लवकर झोप. वस्ताद पोरांना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून शिकवीत. कालची रग आज उरली असेल तर जोर कमी काढायचे. हे सगळेच शास्त्राच्या कसोटीला उतरेल असे आम्ही म्हणत नाही. मर्दनाचा गुणही माफकच असतो. पण त्या दिनचर्येत थकव्याला मान होता. थकवा हा शरीराने दिलेला निरोप आहे, तो ऐकायचा असतो, ही समज होती.

आणि आता ती हकीकत. आमच्या ओळखीचा एक तरुण अकोल्याचा. वडील तेथील धान्यबाजारात हमाली करतात, मुलगा अमरावतीस शिकायला होता आणि पोलीस भरतीची तयारी करीत होता. भरतीत १६०० मीटर धावावे लागते. हा पहाटे मैदानावर धावे, संध्याकाळी पुन्हा धावे. एक दिवस आमच्याकडे आला, नडगी दुखते म्हणाला. कोणा मित्राजवळ तांबड्या प्रकाशाचा पट्टा होता. "सर, लावून पाहू काय?" आम्ही नुकतेच ते प्रयोग वाचले होते, अंगात उत्साह होता. आम्ही म्हटले, "पाहा लावून, अपाय तर काही नाही." त्याने लावला. चार दिवसांनी येऊन म्हणाला, "बरे वाटते." आम्हांला फार समाधान झाले. तो पुन्हा धावू लागला. तिसऱ्या आठवड्यात मैदानावर धावता धावता खाली बसला, तो उठला नाही. हाडाला चीर गेली होती. डॉक्टरांनी पाय टेकू नको म्हणून सांगितले आणि ती भरती त्याच्या हातची गेली.

दोष दिव्याचा होता काय? नाही. दिव्याने हाड मोडले नाही. दिव्याने खरोखर गुण आला, की विश्वासाने आला, की दोन दिवस कमी धावल्याने आला, हेही आता सांगता येणार नाही. दोष आमचा होता. 'अपाय काही नाही' हे वाक्य खरे होते, पण ते उत्तर नव्हते. आम्ही विचारायला हवे होते, कुठे दुखते? एकाच जागी बोट ठेवून दुखते काय? धावताना वाढते काय? किती दिवस झाले? चार प्रश्न विचारले असते तर हे स्नायूचे आंबणे नव्हे, हाडाचे गाऱ्हाणे आहे, हे कळले असते. निरोप घेऊन आलेल्या माणसाचे तोंड आम्ही बंद केले.

त्याच्या वडिलांना भेटायला आम्ही अकोल्यास गेलो. दुपारची वेळ, ते अडतीच्या ओट्यावर दोन पोत्यांना टेकून बसले होते. आम्हांला वाटले, रागावतील. ते रागावले नाहीत. पटक्याने तोंड पुसून म्हणाले, "सायेब, दिव्यानं दुखनं जात असतं त मले बी एक पायजे होता. पन असं दोन पोत्यांच्या मधात घडीभर सावलीत टेकू देल्लं, त तेवढ्यानंच भागते." मग थोडे थांबून म्हणाले, "पोराले मी नेयमी म्हनो, बापू, दमला त बस. त्यानं आयकलं नाई." हे बोलणे त्यांनी आम्हांला ऐकविण्यासाठी केले नव्हते, पण आम्ही ते ऐकून घेतले.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत आम्ही त्यांच्या खांद्यांचा विचार करीत होतो. ह्या खांद्यांचा थकवा खरोखर कशाने कमी झाला? पूर्वी धान्याचे पोते एक क्विंटलचे असे. आता ते बहुधा ५० किलोंचे असते. हे अर्धे ओझे कमी झाले ते कोणत्याही किरणाने नव्हे, माणसांनी ठरविले म्हणून झाले. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी आणि हमाल कामगारांचा कायदा झाला. डोक्यावर ओझे वाहणाऱ्याच्या मजुरीला आणि कल्याणाला काही नियम असावा, हे त्याने मान्य केले. कायदा कागदावर असतो आणि ओझे खांद्यावर असते, हे आम्ही जाणतो. तरीही थकव्यावरचे मोठे उपाय ह्याच जातीचे असतात. ओझे कमी करणे, पाणी जवळ ठेवणे, सावली देणे, आणि विसाव्याच्या घटकेची मजुरी न कापणे.

तेव्हा, श्रोतेहो, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. दिव्याने थकवा जातो काय? खेळाडूच्या एखाद्या स्नायूचे भागणे किंवा आंबणे योग्य दिव्याने थोडे कमी होत असेल. संशोधन चालू आहे आणि त्याचे स्वागत करावे. ज्याच्याजवळ पैसा आहे आणि जवळ जाणता फिजिओथेरपिस्ट आहे त्याने तो उपचार अवश्य घेऊन पाहावा. मात्र डोळ्यांत किरण जाऊ देऊ नये. अर्बुदाचा रोग असल्यास किंवा प्रकाशाने त्वचेवर चट्टे येतील असे औषध चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून दिवा लावू नये. पण कर्ज काढून, दुधाचे पैसे तोडून, झोप मोडून दिवा घेऊ नये. दमणाऱ्याला सराव हवा, भागणाऱ्याला अन्नपाणी हवे, शिणणाऱ्याला झोप हवी आणि आंबलेल्या अंगाला दोन दिवस हवेत. ह्यांतले काही दुकानात मिळत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. आणि एकाच जागी बोट ठेवून सांगता येईल असे दुखणे आठवडाभर राहिले, तर दिवा, तेल, शेक सर्व बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

तो मुलगा आता पुन्हा धावतो. पूर्वीपेक्षा कमी धावतो, एक दिवसाआड धावतो, आणि दुखले तर थांबतो. पुढच्या भरतीत त्याचे काय होईल ते आम्हांला सांगता येत नाही. पण परवा तो भेटला तेव्हा आम्ही त्याला पहिला प्रश्न विचारला, "पाय काय म्हणतो?" तो हसून म्हणाला, "सर, आज सुटी माग्ते म्हनते."

आम्ही त्याला सुटी दिली. आपणही दिवसभराच्या उन्हाने आणि तासाभराच्या व्याख्यानाने शिणला आहात. आपल्यालाही आता सुटी देतो.